आराखड्यातली रेघ घरावरून गेली तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'आमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलं. आता प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. आमच्या दोन गुंठ्यांतल्या घरावरून १८ मीटरचा रस्ता दाखवलाय आणि चुलत्यांच्या तीस गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय. एक जण पाच लाखांत "उठवून देतो" म्हणतो. वडील म्हणतात, कोर्टात जाऊ. चुलते म्हणतात, काही होत नाही, आराखडे तीस-तीस वर्षं कागदावरच असतात. आम्ही काय करावं?'

चुलत्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, वडिलांचं घाईचं आहे, आणि तो पाच लाखवाला पुन्हा आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मी नगररचनेच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढली. सुरुवातीची वर्षं अशा रेघा ओढण्यात गेली, पुढची बरीचशी त्या रेघांवरच्या हरकती ऐकण्यात. निवृत्तीनंतर टेबलाच्या पलीकडे, हरकत घेणाऱ्यांच्या शेजारी बसतो.

आधी त्या माणसाचं बघू. आरक्षण उठवण्याचा अधिकार कुणा एकाच्या हातात नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. कलम २८ खालची नियोजन समिती हरकती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल महापालिकेकडे, तिथून आराखडा शासनाकडे आणि शेवटची मंजुरी कलम ३१ खाली शासनाची. मंजुरीनंतर बदल हवा असेल तर कलम ३७: पुन्हा ठराव, पुन्हा नोटीस, पुन्हा सुनावणी, पुन्हा मंत्रालय. पाच लाखांत एवढ्या पायऱ्या कुणी चढत नाही. या खात्यात सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. पण जिथे खरोखर 'कामं' होतात तिथली माणसं दोन गुंठेवाल्याच्या दारात येत नाहीत. तुमच्या दारात येतो तो तुमचीच हरकत टाइप करून देतो, मान्य झाली तर श्रेय घेतो, फेटाळली गेली तर फोन उचलत नाही.

कोर्टाचं म्हणाल तर आराखडा अजून कच्चा आहे. हरकतीचा रस्ता उघडा असताना कोर्ट बहुधा आधी तिकडेच पाठवतं, आणि पुढे कधी कोर्टात जावंच लागलं तर 'मुदतीत हरकत घेतली होती का' हा प्रश्न पहिला येतो. तेव्हा आज हरकत. ही मुदत राजपत्रात नोटीस आल्याच्या तारखेपासून मोजतात, वर्तमानपत्रात वाचल्याच्या किंवा गावात फ्लेक्स लागल्याच्या दिवसापासून नाही. ती साधारण महिन्याभराची असते. नोटीस स्वतः वाचा.

आता ही रेघ मुळात पडते कशी ते सांगतो, कारण हरकत कशी लिहायची ते त्यावरच ठरतं.

लोकांना वाटतं, कुणीतरी मुद्दाम आपल्या घरावर पेन्सिल टेकवली. कधीकधी तसंही होतं. पण जास्त वेळा होतं ते वेगळंच: आखणाऱ्याला तिथे घर आहे हे माहीतच नसतं. आराखड्याची सुरुवात विद्यमान जमीन वापराच्या नकाशापासून होते, खात्याच्या भाषेत ईएलयू. माझ्या उमेदीच्या काळात हे काम ट्रेसिंग कापडावर चाले. अमोनिया प्रिंट काढताना डोळे चुरचुरत. एका तालुक्याच्या गावी मी असाच एक वळणरस्ता आखला. नकाशावर ती जागा कोरी होती आणि वर 'पड' असं लिहिलेलं. वर्षभराने जागेवर गेलो तर तिथे दगडखाणीवर काम करणाऱ्यांची चाळीसेक घरं. एका बाईने आत बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, "सायेब, कागदावर आमचं नाव काय लिवलंय?" मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. 'पड' हे सांगायची हिंमत झाली नाही. रस्ता नंतर सरकवला, पण तो सरकला कारण मी योगायोगाने तिथे गेलो होतो.

म्हणून तुमचं पहिलं काम: प्रस्तावित वापराचा रंगीत नकाशा बाजूला ठेवा आणि विद्यमान वापराचा नकाशा मागा. त्यात तुमचं घर आहे का? शेजारची घरं, विहीर, अंगणवाडी, ओढ्यावरची मोरी, दत्ताचं देऊळ आहे का? जे नसेल ते लिहून काढा. 'ही जागा मोकळी नाही, इथे इतकी घरं इतकी वर्षं उभी आहेत, हे त्यांचे फोटो आणि घरपट्टीच्या पावत्या' अशा हरकतीला समितीला उत्तर द्यावंच लागतं. ती दयेची याचना नसते, सर्वेक्षणातली चूक असते. चूक दाखवली की आखणाऱ्यालाही मागे यायला वाट मिळते. ही मानवी बाजू विसरू नका. कोणताही अधिकारी 'मी अन्याय केला' असं लिहून देत नाही, पण 'सर्वेक्षणात नोंद राहून गेली होती' असं आनंदाने लिहितो.

घरपट्टीच्या पावतीबद्दल एक भीती असते, तीही बोलून टाकू. घर विनापरवाना असेल तर हरकत घेतल्याने ते उघडं पडेल का? अहो, उपग्रहाच्या चित्रात तुमच्या पत्र्यावरची टाकीसुद्धा दिसते. पावतीने घर कायदेशीर होत नाही, पण अमुक सालापासून ते तिथे आहे हे सिद्ध होतं, आणि आत्ता तेवढंच हवं आहे. शिवाय कलम २८ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. सातबारावर नाव नाही, तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यामुळे) खरेदीखत झालं नाही, नुसतं कुलमुखत्यारपत्र आहे, अगदी भाडेकरू आहात, तरी हरकत घेता येते.

दुसरं काम मोजणीचं. महापालिकेकडून त्या भागाचा प्रमाणित भाग नकाशा घ्या आणि तुमच्या गटाचा मोजणी नकाशा त्यावर बसवून घ्या. साधं गणित बघा: १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर दहा मीटर असते. मोबाइलवर आलेला आराखड्याचा फोटो मोठा करून 'आमच्या स्वयंपाकघरातून जातोय' म्हणणाऱ्या कितीतरी लोकांची घरं प्रत्यक्षात वाचलेली मी पाहिली आहेत. आणि जे निर्धास्त होते त्यांचा ओटा गेलेलाही पाहिला आहे. खासगी सर्व्हेअर हे काम आठवड्यात करून देतो. पाच लाखांच्या तुलनेत त्याची फी किरकोळ.

मग हरकत लिहायची. इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा थांबतो.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर लोकांनी ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना दिल्या होत्या. प्रत्येकीला पाच मिनिटं दिली तर रोज आठ तास बसून आठशेहून जास्त दिवस लागतील. अर्थात तसं होत नाही. एकसारख्या हरकतींचे गठ्ठे करतात आणि गठ्ठ्यांची सुनावणी होते. तुमचा छापील नमुना, ज्यात फक्त नाव आणि गट नंबर बदललाय, तो अशाच गठ्ठ्यात जातो. 'सदर रस्त्यामुळे आम्ही भूमिहीन होत असून आमच्यावर अन्याय होत आहे, तरी रस्ता रद्द व्हावा' हे वाक्य मी हजारदा तरी वाचलं असेल. ते खोटं नसतं. पण समितीसमोर दोनच पर्याय उरतात, रस्ता ठेवा किंवा काढा. आणि गावातून एकही रुंद रस्ता नको असं कोणतीच समिती म्हणणार नाही. उद्या गावात आग लागली तर बंब कुठून येणार?

म्हणून तिसरा पर्याय तुम्ही द्या. साधारण असं लिहा: 'गट नंबर अमुक ते तमुक यामधून प्रस्तावित केलेल्या १८ मीटर रस्त्याने इतकी घरे व एक विहीर बाधित होते (यादी व फोटो सोबत). हा रस्ता दक्षिणेकडील अस्तित्वातील पाणंदीच्या रेषेने नेल्यास इतकीच घरे बाधित होतात, दोन्ही टोकांची जोडणी कायम राहते व वळण प्रमाणात राहते. पर्यायी आखणीचा नकाशा जोडला आहे.' अशी हरकत गठ्ठ्यात जात नाही. तिच्यावर कनिष्ठ अभियंत्याला जागेवर जाऊन अहवाल द्यावा लागतो, आणि जागेवर आलेला माणूस हा तुमचा अर्धा विजय.

पर्याय शोधताना गावातल्या जुन्या वाटा बघा. शिवरस्ता, पाणंद, गाडीवाट या शंभर वर्षांपासून उताराप्रमाणे आणि हद्दीप्रमाणे पडलेल्या असतात, आणि त्यावर घरं क्वचितच असतात. मात्र ओढ्याच्या कडेने रस्ता सुचवायचा मोह होतो, कारण ती जागा कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. तो टाळा. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत रस्त्याचा भराव टाकलात की पुढच्या पावसाळ्यात पाणी वाट शोधत वस्तीतच येणार. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, कोणत्या साली पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या दाराच्या उंबऱ्यावर हात ठेवून दाखवतात. इतकं अचूक पूरमापन मला कोणत्याही अहवालात मिळालं नाही.

आणि एक पथ्य. रेघ सरकवताना ती कुणावर सरकते ते बघा. मी अशा सुनावण्या ऐकल्या आहेत जिथे गावठाणातल्या बड्या भावकीने 'पर्याय' दिला तो थेट वरच्या वस्तीतल्या मजुरांच्या घरांवरून. ती माणसं सुनावणीला नव्हती, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे त्यांनी हरकत घेतली, मग प्रतिहरकती, आणि सगळं मुसळ केरात. ग्रामपंचायत होती तेव्हा निदान ग्रामसभा भरायची, आरडाओरडा का होईना, एका जागी व्हायचा. गाव शहरात आलं की ती जाते. तिच्या जागी क्षेत्र सभा यावी म्हणून २००९ साली राज्याने कायद्यात तरतूद केली, पण ती किती गावांत भरली, हे तुमच्याच नगरसेवकाला विचारून बघा. तेव्हा देवळाच्या सभामंडपात स्वतःच सभा बोलवा. आराखड्याची मोठी प्रिंट जमिनीवर अंथरा, माणसांना आपापल्या घरावर बोट ठेवू द्या. भांडण तिथेच होऊ द्या. जी आखणी या सभेतून निघेल ती समितीपुढे टिकते.

आता मनातली गोष्ट. रस्त्याची रेघ ज्याच्यावर पडते त्याचं सगळं जातं, आणि रस्त्याला लागून ज्याची जमीन वाचते त्याची चांदी होते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत समोरचा रस्ता जितका रुंद, तितका प्रीमियम (शुल्क भरून घेतलेला जादा बांधकाम हक्क) आणि टीडीआर (जमीन दिल्याबद्दल मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) मिळून जास्त चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकाम, मिळतं. म्हणजे तुमचं घर जाऊन झालेल्या रस्त्यावर शेजाऱ्याची इमारत चार मजले उंच होणार. ही विकास आराखड्याची जन्मजात खोट आहे, आणि तिच्यावरचा उपाय आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होता: नगररचना परियोजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली पुण्यात भांबुर्डा, संगमवाडी आणि मुंबईत बांद्रा, सांताक्रूझ, पार्ले असे भाग आखले गेले. मुंबईत कागदपत्रांत अजून 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे हीच परियोजना) लिहिलेलं सापडतं. यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात, प्रत्येकाकडून प्रमाणात थोडी थोडी काढून रस्ते, बागा, शाळा बसवतात आणि उरलेली नीट आकाराच्या भूखंडाच्या रूपात ज्याची त्याला परत देतात. तोटाही वाटून, फायदाही वाटून. गुजरातने ही पद्धत सोडली नाही. आपण मधली कित्येक दशकं तिला जवळजवळ विसरलो आणि आता पनवेलजवळ नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र), पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथे पुन्हा हात घातला. भांडण टक्क्यांवर अडतं. नैनात मूळ मालकाला ४० टक्के विकसित भूखंड मिळतो, आणि शेतकऱ्यांचं आंदोलन त्याच आकड्याभोवती आहे. तरीही तुमच्या गावात अजून पुरेशी मोकळी जमीन असेल तर हरकतीत स्वतंत्र परिच्छेद घाला: या भागासाठी परियोजना राबवावी. पन्नास खातेदारांच्या सह्या असल्या तर ही मागणी वाऱ्यावर जात नाही. फक्त घरं दाट झालेल्या जागी हे जमत नाही. गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेली वस्ती) पक्की होण्याआधीचा हा खेळ आहे.

गुंठेवारीवरून आठवलं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली आहे. तुमचं घर त्याआधीचं असेल तर नियमित करून घेता येईल, पण आराखड्यातल्या रस्त्यावर किंवा आरक्षणावर असलेल्या घराची फाइल तिथेच अडते. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी रेघेचा निकाल, मग गुंठेवारीचे पैसे भरा.

चुलत्यांचा विषय वेगळा. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर, मैदानाला तशी लहानच जागा. ते म्हणतात तसं कागदावर पडून राहणं होतं खरं. जुन्या पुण्याचा आराखडा १९८७ ला मंजूर झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१७ ला आली. कायदा वीस वर्षं म्हणतो. मधल्या काळात ज्यांच्या जमिनीवर आरक्षण होतं त्यांना ना धड विकता येत होतं, ना बांधता. कागदावरचं आरक्षणही माणसाचं आयुष्य खातं, हे चुलत्यांना सांगा. मुलीच्या लग्नात, आजारपणात जमिनीवर पैसा उभा करायला गेले की बँक झोन दाखला मागते आणि तिथे सगळं थांबतं.

त्यांच्यापुढे वाटा आहेत. मैदानच नको असं म्हणण्यापेक्षा ते शेजारच्या सरकारी जमिनीवर किंवा गायरानावर बसतं का ते आधी शोधावं. नवीन गावांत गायरान शिल्लक असतं आणि आखणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलंही असतं. ते जमलं नाही तर समावेशक आरक्षण: मालकाने ठरलेला भाग विकसित करून महापालिकेला विनामूल्य द्यायचा आणि उरलेली जागा स्वतः वापरायची. मैदानाच्या बाबतीत त्याला मर्यादा आहेत, पण विचारायला हरकत नाही. तिसरी वाट टीडीआर. मुंबईबाहेर दाटवस्ती सोडून इतर भागात दिलेल्या जमिनीच्या दुप्पट. ऐकायला गोड आहे, पण तो वापरताना जिथे खर्ची पडणार तिथल्या आणि मूळ जमिनीच्या रेडीरेकनर दराचं (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराचं) गुणोत्तर लागतं. म्हणजे स्वस्त गावातला हजार फुटांचा टीडीआर महागड्या पेठेत हजार फूट राहत नाही. आणि बाजारात टीडीआर मुबलक असला की बिल्डर शेतकऱ्याला पडत्या भावाने गाठतो. घाई नसेल तर धरून ठेवावा. रोख भरपाई २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शंभर टक्के दिलासा रकमेसह मिळते, पण ग्रामीण भागात बाजारभावाला जो जादा गुणक लागतो तो शहराच्या हद्दीत मिळत नाही. हद्दवाढीचा हा तोटा गाव शहरात जाताना कुणी भाषणात सांगत नाही.

आणि शेवटी कलम १२७. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली, जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महापालिकेला २४ महिने मिळतात. त्यात संपादनाचं ठोस पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. ठोस म्हणजे काय यावर २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही. मी नोकरीत असताना या नोटिसांनी आमची झोप उडायची. बाहेर आल्यावर थोडं वेगळं दिसतं. ज्या गावात दहा वर्षांनी दहाही मैदानांची आरक्षणं अशी गळून पडली तिथली पोरं आज हायवेच्या सर्व्हिस रोडवर क्रिकेट खेळतात. पुण्याच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राखण्यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, २०१५ ला शासनाने ते कायम केलं. पण मालकांना देऊ केलेला मोबदला इतका तुटपुंजा ठेवला की ताब्यात आलेली जमीन अगदी थोडी आहे. मालक चिडलेले, टेकडी अर्धवट, मधल्या मध्ये पत्र्याच्या शेड वाढताहेत. चुलते हक्क बजावतील तर मी त्यांना दोष देणार नाही. पण सभामंडपातल्या सभेत मैदान कुठे, हा प्रश्नही त्यांनीच मांडावा. त्यांच्या तोंडून तो आला की वेगळा ऐकला जातो.

सुनावणीला जाल तेव्हा वकील न्यायलाच पाहिजे असं नाही. मोठा नकाशा, बाधित घरांची यादी आणि तीन मिनिटांत बोलू शकणारा एक माणूस न्या. रडणारा नको, ओरडणारा त्याहून नको. समितीतल्या जाणकारांकडे बघून बोला, कारण आखणीतलं वळण आणि जोडणी त्यांना कळते. उठताना तुमच्या नकाशाची एक प्रत टेबलावर ठेवून या.

हरकत देताना पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हटलं तर थांबा, जेवण होऊ द्या. एका गावच्या साठ जणांनी एका कार्यालयात असाच गठ्ठा टेबलावर ठेवला आणि निघून आले. सुनावणीच्या यादीत त्यातलं एकही नाव नव्हतं.